विस्तव पेटवण्याआधी पाण्याची वाट

कारंजा (लाड), जि. वाशीम

चि. नातीस,

तू पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. बैठकीतली कोळशाची फायरप्लेस, तिच्या पाठीमागच्या भिंतीत बसवलेला लोखंडी बॉयलर, त्यातून निघालेल्या चार नळ्या. त्यातल्या दोन वर भिंतीत गेल्या आहेत आणि दोन मध्येच कापून त्यांना पितळी टोप्या लावल्या आहेत. तू विचारतेस, "आबा, गॅसचं बिल झेपत नाही. घरातले रेडिएटर पुन्हा या जुन्या बॉयलरला जोडून घेतले तर चालेल का?"

चालेल. तिकडे इंग्लंडमध्ये लोकांनी कितीतरी वर्षं तशीच घरं उबदार ठेवली. पण त्या दोन टोप्या पाहून मला धडकी भरली. म्हणून फोनवर चार वाक्यांत न सांगता सगळं लिहून पाठवतोय. हे नातजावयांना वाचून दाखव, आणि कामाला जो मिस्त्री येईल त्यालाही यातला मुद्दा नीट समजावून सांग. घरात तान्हं बाळ आहे.

तुला ठाऊक आहे, माझी उमेदीची वर्षं बॉयलरपुढे गेली. आधी जिनिंग-प्रेसिंगमध्ये, मग तेलाच्या कारखान्यात. हातात सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट होतं. १९२३ च्या बॉयलर कायद्याखाली ते असल्याशिवाय कोणी बॉयलरजवळ उभं करत नसे. दरवर्षी इन्स्पेक्टर यायचे, बॉयलर थंड करून, आतून घासून, पाण्याचा दाब देऊन तपासायचे आणि मगच पुढच्या वर्षाचा परवाना मिळायचा. ज्या म्हाताऱ्या फायरमनच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी पहिला धडा कोळशाचा दिला नाही, पाण्याचा दिला. पाळीवर आलं की आधी पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायची. नुसतं पाणी दिसतंय म्हणून थांबायचं नाही. खालचा कॉक उघडायचा, काच रिकामी करायची आणि पाणी परत वर चढतंय का ते पाहायचं, कारण काचेची वाट कचऱ्याने बुजली असली तर काचेत जुनंच पाणी उभं दिसतं आणि आत बॉयलर कोरडा पडत असतो. आग सगळ्यांना दिसते, पाण्याला वाट आहे की नाही हे मुद्दाम पाहावं लागतं. तुला जे सांगायचंय ते सगळं यातून निघतं.

आता तुझ्या घरातली व्यवस्था कशी चालते ते समजून घे. तुला ती परकी वाटत असेल, पण तू लहानपणापासून ती पाहिली आहेस. आपल्या जुन्या वाड्यातल्या चुलीला बाजूला वैल होता ना? समोर पऱ्हाट्या-तुराट्यांचा जाळ, त्यावर भाकरीचा तवा, आणि आतल्या पोकळीतून निसटणारा जाळ वैलाखाली जायचा. त्यावर दुधाचं नाहीतर आंघोळीच्या पाण्याचं भांडं. वाया जाणारी आच पाठीमागे पकडायची, एवढंच त्यामागचं डोकं. इंग्लंडच्या लोकांनी वैलाच्या जागी भांड्याऐवजी बंद लोखंडी पेटी बसवली आणि तिला नळ्या जोडल्या. तो तुझा बॅक बॉयलर. फायरप्लेसमधल्या उघड्या विस्तवाची बरीचशी उष्णता धुराड्यातून आभाळात जाते. ही पेटी तिच्यातला वाटा काढून घेते, म्हणून तिकडच्या कोळशाच्या गावांत ती घरोघरी होती.

न्हाणीतला तांब्याचा बंबही आठव. मधोमध विस्तवाची नळी, खाली जाळी, भोवती पाणी. आजी बंबफोड टाकण्याआधी पाणी भरायची, कधीही उलटं नाही. कोरड्या बंबाखाली विस्तव गेला की डाग सुटतो आणि बंब गळायला लागतो, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. आणि बंबाच्या तोंडावर काय असायचं? नुसतं सैल झाकण. स्क्रू नाही, पेच नाही. पाणी उकळलं की झाकण थडथडायचं, वाफ निघून जायची. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी न्हाणीत विस्तव ठेवला आणि स्फोट झाला नाही, त्याचं श्रेय त्या सैल झाकणाला आहे.

तुझ्या घरात त्या झाकणाचं काम एक उघडी नळी करते, किंवा करत होती. बॉयलरपासून निघून ती माळ्यावरच्या छोट्या टाकीच्या वर जाते आणि तिथे काठावरून वाकून तोंड टाकीत सोडते. तिच्यावर कुठेही व्हॉल्व्ह नसतो, नसलाच पाहिजे. थंड पाणी तापलं की फुगतं. उकळीपर्यंत नेलं तर शंभर लिटरचं सुमारे एकशे चार लिटर होतं. हे वरचे चार लिटर कुठे जाणार? माळ्यावरच्या टाकीत. पाणी उकळलंच तर वाफही त्याच नळीतून बाहेर पडते. आणि पाण्याची वाफ होताना ते चार टक्के नाही, उघड्या हवेत सोळाशे-सतराशे पट पसरतं. त्याला बंद पेटीत कोंडलं तर काय होईल, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

म्हणून आधी टोप्यांचं. तुमच्या घरात आधीच्या मालकाने गॅसचा कॉम्बी बॉयलर बसवला असं तू लिहिलंस. कॉम्बीला गरम पाण्याची टाकी लागत नाही, माळ्यावरचीही लागत नाही, म्हणून बहुतेक घरांत तो बसवताना दोन्ही टाक्या काढून टाकतात. मग भिंतीत वर गेलेल्या त्या दोन नळ्या आता कुठे पोचतात? वर त्यांनाही टोप्या लावल्या असतील, तर तुमच्या बैठकीत चारही बाजूंनी बंद असलेली लोखंडी पेटी आहे आणि तिच्यात थोडं पाणी उरलेलं असू शकतं. रेडिएटर जोडायचा विचार राहू दे, थंडीच्या एखाद्या संध्याकाळी हौसेने चार कोळसे पेटवले तरी घात होईल. हे माझ्या मनचं नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने, एचएसईने, वापरात नसलेल्या जुन्या बॅक बॉयलरबद्दल जाहीर सूचना काढली आहे. अशा फायरप्लेसमध्ये आग लावल्यावर बॉयलर फुटून माणसं दगावली आहेत. ज्याला पुन्हा वापरायचाच नाही, त्याने तो काढून टाकावा. काढता आला नाही तर निदान रिकामा करून भोक पाडून ठेवावा, म्हणजे दाब साठणार नाही. टोपी लावून सोडून देणं ही सगळ्यांत वाईट सोय, आणि स्वस्त म्हणून तीच जास्त घरांत झालेली असते.

आता समज, तपासणीत बॉयलर धड निघाला. भिंती गंजून पातळ झालेल्या नाहीत, आत क्षाराचा थर फार नाही. आपल्या काळ्या खडकातल्या विहिरींचं पाणी बंबात जसा पांढरा थर धरायचं आणि आजी तो चिंच लावून घासायची, तसाच थर तिथेही धरतो. फरक इतकाच की तिथे आत हात जात नाही. थर जाड झाला की लोखंडाची उष्णता पाण्यात उतरत नाही, पत्रा लाल होतो आणि तडकतो. म्हणून बॉयलर किती जुना आहे आणि आतून कसा आहे, हे कळल्याशिवाय एक पैसाही रेडिएटरवर घालू नका.

मग जोडायचं कसं? यात घाईचा मिस्त्री एक शॉर्टकट सुचवेल: रेडिएटर कॉम्बीला जोडलेलेच आहेत, त्याच नळ्यांत बॅक बॉयलरच्या दोन नळ्या घुसवू. हे करू देऊ नकोस. कॉम्बीचं पाणी बंद चक्रात, दाबाखाली फिरतं. गॅस ज्या क्षणी बंद केला त्या क्षणी त्याची ज्योत विझते, म्हणून त्याला बंद चक्र परवडतं. कोळशाला बटण नाही. पेटलेला कोळसा तासन्‌तास उष्णता देत राहतो, तुमची गरज संपली तरी. गिरणीत वीज गेली, मशीन थांबली, वाफेची मागणी शून्य झाली की आमची खरी धावपळ तेव्हा सुरू व्हायची: डॅम्पर बंद करा, भट्टीतला विस्तव ओढा, पाणी सोडा. तुझ्या बैठकीत रात्री दोन वाजता हे कोण करणार? म्हणून कोळशाच्या बॉयलरचं चक्र उघड्या टाकीचं आणि स्वतंत्र हवं. दोन्ही ठेवायचे असतील तर मध्ये उष्णता देणारी-घेणारी वेगळी टाकी ठेवतात, जिच्यात दोघांचं पाणी एकमेकांना शिवत नाही. ते खर्चाचं काम आहे, पण बरोबर काम तेच.

आता त्या चार नळ्या चार का, ते सांगतो. यात मला सगळ्यांत जास्त गोडी वाटते. दोन नळ्या जाड असतात, बहुधा २८ मिलिमीटरच्या, आणि त्या वरच्या मजल्यावरच्या गरम पाण्याच्या टाकीला जातात. त्यांच्यात पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन एका नळीने आपोआप वर चढतं, टाकीतल्या वेटोळ्यातून फिरताना उष्णता देतं, जड होतं आणि दुसऱ्या नळीने खाली बॉयलरकडे येतं. आपल्या गच्चीवरच्या सोलर हीटरची टाकी काचेच्या नळ्यांपेक्षा उंचावर का बसवतात, असं तू शाळेत असताना विचारलं होतंस. तेच हे. टाकी खाली असती तर फिरणं थांबलं असतं. इथे नळ्या सतत चढत्या हव्यात. मध्ये कुठे नळी खाली वाकली की तिथे हवा अडकते आणि फिरणं बंद पडतं. जाड नळी यासाठी, की पंपाचा धक्का नसताना पाण्याला अडथळा कमीत कमी व्हावा. उरलेल्या दोन नळ्या बारीक, त्या रेडिएटरच्या. तिथे पंप लागतो, कारण रेडिएटर लांब पसरलेले असतात आणि काही तर बॉयलरच्याच पातळीला.

तुमच्याकडे कापल्या त्या बहुधा या दुसऱ्या जोडीच्या नळ्या. त्या पुन्हा जोडायला एका दिवसापेक्षा जास्त लागू नये. पण पहिली जोडी, म्हणजे पंपाशिवाय चालणारी वाट, नसेल तर दुसरी जोडूच नका. माझं एवढं एक ऐक. पंप विजेवर चालतो, आणि तिकडे वीज जात नाही असं समजू नकोस. २०२१ च्या नोव्हेंबरात आर्वेन वादळ आलं तेव्हा स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास घरांची वीज गेली, आणि काही हजार घरांत ती आठवड्याहून जास्त दिवस आली नाही. नेमक्या अशाच रात्री माणूस कोळसा जास्त घालतो. पंप थांबलेला, विस्तव धगधगता. तेव्हा ती उष्णता कुठेतरी आपण होऊन गेली पाहिजे. त्यासाठी वरच्या टाकीकडे जाणाऱ्या जाड नळ्यांवरच एक रेडिएटर जोडतात, बहुधा न्हाणीघरातला, आणि तो बंद करता येईल असा कसलाही व्हॉल्व्ह त्याला ठेवत नाहीत. तापमान बघून आपोआप मिटणारी मूठही नाही. तो रेडिएटर उन्हाळ्यातही गरम होईल, बाळाचे कपडे त्यावर वाळव, पण कोणी "इथे व्हॉल्व्ह का नाही" म्हणून बसवायला निघालं तर थांबव.

बॉयलरजवळच्या नळ्या तांब्याच्या किंवा लोखंडाच्याच हव्यात. हल्लीच्या प्लास्टिकच्या, नुसत्या दाबून बसवायच्या नळ्या गॅसच्या कामाला चालतात, इथे उकळतं पाणी आलं की त्या मऊ पडतात. माळ्यावरची टाकीही उकळतं पाणी झेलणारी असावी. पंपाला एक थर्मोस्टॅट लावतात, बॉयलरचं पाणी पंचेचाळीस-पन्नास अंशांवर गेल्याशिवाय तो पंप चालू होऊ देत नाही. नाहीतर थंड पाणी सारखं बॉयलरमध्ये परत येत राहतं, धुरातली वाफ लोखंडावर घाम धरते आणि गंज लागतो. बॉयलरच्या नळीवर सेफ्टी व्हॉल्व्ह असावा, पण त्याच्या भरवशावर उघडी नळी गाळू नये. आमच्या गिरणीत सेफ्टी व्हॉल्व्ह होते आणि भट्टीच्या छतात शिशाचा प्लगही होता, पाणी खाली गेलं की तो वितळून वाफ विस्तवावर पडायची. तरीही काच बघणं कोणी सोडलं नाही.

हे झालं पाण्याचं. धुराचं थोडक्यात सांगतो, पण ते हलकं समजू नकोस. धुराडं साफ नसेल, किंवा थंडी म्हणून खिडक्यांच्या फटी बुजवल्या असतील, तर कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. आपल्याकडे उत्तर भारतातून दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात, त्या याच. तू नर्स आहेस, लक्षणं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण झोपलेल्या माणसाला लक्षण कळत नाही. म्हणून त्या खोलीत या वायूचा अलार्म लाव. तिकडच्या बांधकाम नियमांत नवी कोळशाची भट्टी बसवताना तो सक्तीचाच आहे. धुराडं वर्षातून एकदा तरी झाडून घे.

कोळशाचाही हिशेब नीट मांड. तुम्ही ज्या यॉर्कशायरमध्ये राहता तिथली केलिंग्ली ही ब्रिटनची शेवटची खोल कोळसा खाण २०१५ च्या डिसेंबरात बंद झाली. लंडनच्या १९५२ च्या डिसेंबरातल्या धुरक्यात हजारो माणसं गेली, त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि शहरांत धूरबंदीचे भाग ठरले. आता तर इंग्लंडमध्ये घरात जाळायला साधा कोळसा विकताच येत नाही. पिशवीतला २०२१ च्या मे महिन्यात बंद झाला, सुटा २०२३ च्या एप्रिलअखेर. मिळतो तो कमी गंधकाचा, धूर न करणारा तयार इंधनाचा गोळा, आणि त्याची किंमत वेगळी. तेव्हा शेजारच्या गावात काय मिळतं आणि तुमचा भाग धूरबंदीत येतो का, हे आधी बघ. चांगल्या कोळशाच्या किलोत सात-आठ युनिटांची उष्णता असते, पण तुमच्या हाती त्यातली निम्मी पडली तरी खूप म्हण. या आकड्यांनी गॅसचं बिल आणि कोळशाचं बिल शेजारी ठेवून पाहा. बचत मोठी नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: एवढा खटाटोप करू नका, बॉयलर काढून टाका, भिंतींना आणि माळ्याला थर घालून घर उष्णता धरेल असं करा.

पण मला कोळशाचा राग नाही, हेही लिहितो. आपल्या कारंज्याहून जायची त्या शकुंतला रेल्वेगाडीचं वाफेचं इंजिन तुमच्याच तिकडच्या मँचेस्टरला बांधलेलं होतं. ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत या रुळांवर चाललं. सत्तर वर्षं त्याने कापूस आणि माणसं वाहिली, कारण त्याच्यावर रोज दोन माणसं पाण्यावर डोळा ठेवून होती. तुझ्या बैठकीतल्या बॉयलरवर तसा डोळा ठेवणारं कोणी नाही, दोघंही दिवसभर कामावर. म्हणून त्याची मांडणीच अशी हवी की कोणी पाहिलं नाही तरी पाणी आपली वाट आपण काढेल.

आता काम असं कर. गॅसचं काम करणारा माणूस बोलावू नकोस. तिकडे हेटास नावाची संस्था लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांचं काम करणाऱ्यांची नोंद ठेवते, त्या नोंदीतला माणूस शोध. त्याला सांग, आधी भिंतीतल्या दोन नळ्या कुठे संपतात ते शोधून दे, मग बॉयलर तपास, मग धुराडं, आणि शेवटी रेडिएटरचा भाव सांग. तो क्रम उलटा करायला लागला तर दुसरा माणूस बघ. काम झाल्यावर त्याच्याकडून नोंदीचा कागद घे, घराच्या विम्याला आणि पुढे घर विकताना तो लागेल.

तोवर त्या फायरप्लेसमध्ये कागदाचा तुकडाही जाळू नकोस. नातजावयांनाही बजाव, पाहुण्यांनाही. माणूस येऊन गेला की मला फोन कर आणि आधी एकच सांग: माळ्यावर टाकी आहे का, आणि तिच्यावर वाकलेली उघडी नळी आहे का.

बाळाला पापा.

तुझा,
आबा